बाबा, तुमचा तिकीट-पंच माझ्याकडे आहे

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आधी चोरीची कबुली. दिवाळीपासून तुम्ही कपाट, माळा, पलंगाखालची ट्रंक उपसून जो तिकीट-पंच शोधताय, तो माझ्याकडे आहे. एसटीत मशीनची तिकिटं आली, पंच मोडीत निघाले, तेव्हा तुम्ही डेपोतून मागून आणलेला तो. विचारून घेतला असता तर तुम्ही ‘कशाला?’ म्हणाला असतात आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परवा आई फोनवर म्हणाली, कट्ट्यावर कुणी ‘मुलगी काय करते’ विचारलं की तुम्ही ‘पुण्यात असते’ एवढंच सांगता. आधी हसू आलं, मग जरा लागलं. पण मी तरी कुठे सरळ सांगते? बँकेत ‘भाषांतर’, रिक्षावाल्याला ‘कॉलेजात शिकवते’. घरमालकांना मी ज्या मुलांबरोबर काम करते त्यांचं अजून कळू दिलेलं नाही. ‘रिमांड होम’ कानावर पडलं तर भाडेकराराचं नूतनीकरण तिथेच राहील.

माझा आठवडा एकदा नीट सांगते. सोमवार-बुधवार सकाळी कॉलेजात समाजकार्याचे तास, तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की शून्य, आणि तेही तीन-चार महिन्यांचे एकदम. रात्री विम्याच्या पॉलिसी आणि औषधांच्या खोक्यातल्या त्या घडीघडीच्या चिठ्ठ्या मराठीत करायच्या. घरभाडं त्यावर निघतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार निरीक्षणगृहात, म्हणजे लोक ज्याला रिमांड होम म्हणतात तिथे, मुलांजवळ. गुन्ह्याच्या आरोपात सापडलेली अठराच्या आतली पोरं ही. सरकारी कागदात त्यांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. पहिल्यांदा वाचताना माझीच जीभ अडखळली होती.

आई, ‘एक काहीतरी धड धर’ हे तुझं पालुपद. धरलं होतं गं. 2022 मध्ये आठवड्याचे सहाही दिवस मी मुलांबरोबरच होते. एका दुपारी एक पोरगा आजीबद्दल सांगायला लागला आणि मी घड्याळाकडे बघितलं. त्यानं ते पाहिलं आणि ‘काही नाही मॅडम’ म्हणून उठला. नंतर आजीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. त्या महिन्याअखेरीस मी संस्थेला सांगून तीन दिवस करून घेतले. पॉलिसीत ‘पूर्वीपासून असलेला आजार’ पन्नासदा आला तरी तो माझ्याकडे आशेनं बघत नाही. मला तेवढी विश्रांती पुरते. पगार अर्धा झाला, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आज सांगते.

पेपरात कोयत्याची बातमी आली की तुझा फोन येतो, हे ठरलेलं. बातमी खोटी नसते. पण माझ्यापुढे बसलेल्यांतले बरेचजण मोठ्या पोरांनी पुढे केलेले असतात. ‘तू लहान आहेस, तुला काय होतंय’ म्हणून गाडी यांच्या हातात द्यायची आणि आपण गल्लीत गायब. अठराच्या आतल्या पोराला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे आणावं लागतं. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली एक तरी बाई. म्हणजे कोर्टच, पण काळा कोट आणि पिंजरा नसलेलं. या पोरांच्या आया बाहेर बाकावर पदर तोंडाशी धरून बसतात. एकीनं परवा विचारलं, ‘उद्या नोकरीला लागताना हे निघेल का हो?’ गाडीचोरीचं प्रकरण होतं. मी तिला 2015 च्या कायद्याचं कलम 24 सांगितलं, की या प्रकरणामुळे पोरगा पुढे अपात्र ठरत नाही. तिनं कलमाचा आकडा हातावर पेनानं लिहून घेतला.

आता पंचाचं.

सोळा वर्षांचा एक मुलगा आहे. नाव-गाव विचारू नका, सांगायला कायद्यानंच बंदी आहे. तीन आठवडे माझ्यासमोर बसून तो फक्त नखं कुरतडत होता. चित्रं काढ म्हटलं, नाही. कॅरम, नाही. एकदा अधीक्षकांना विचारून मी पंच आत नेला आणि काही न बोलता टेबलावर ठेवला. त्यानं उचलला, दोनदा हवेतच दाबून पाहिला. मग रद्दीतला पेपर ओढला आणि समासातून भोकं पाडत सुटला. कट्, कट्, कट्. पहिलं पान झालं, दुसरं झालं. खाली कागदाच्या टिकल्यांचा सडा. बाबा, तुमच्या खाकी शर्टाच्या खिशातून निघायच्या ना, तशाच. आई शर्ट उलटा करून मोरीत झटकायची आणि त्या जाळीत अडकायच्या.

‘कुणाचंय?’ तीन आठवड्यांतला पहिला शब्द.

‘माझ्या बाबांचं. कंडक्टर होते.’

बराच वेळ कट् कट्. मग मान वर न करता, ‘बिनतिकीट पोरगं सापडलं तर मधेच उतरवायचे का?’

मला उत्तर येईना. तुमच्या मुक्कामी गाडीच्या किती गोष्टी मला पाठ आहेत, पण हे कधी विचारलंच नव्हतं. ‘विचारून सांगते’ म्हणाले. तो म्हणाला, ‘विसरू नका.’ टिकल्या त्यानं स्वतः गोळा करून पेपरात बांधल्या. आता घरची एखाद-दुसरी गोष्ट सांगतो. पण दर वेळी आधी विचारतो, विचारलं का म्हणून. दोन शनिवार मी उत्तर टाळलंय, कारण फोनवर आपलं बोलणं डोळ्यात ड्रॉप कधी घालायचे इथेच संपतं.

तुमच्या मोतीबिंदूच्या दिवशी मी आले नाही, तेही त्याच्याचमुळे. त्या दिवशी मंडळापुढे त्याची तारीख होती आणि मी असेन असा शब्द दिला होता. तुम्ही काही बोलला नाहीत. आई बोलली, ‘लोकांच्या पोरांना वेळ आहे.’ आई, तुझं चुकलं नाही. शेजारच्या काकांना सोबत न्यावं लागलं, हे मला खूप लागलंय आणि त्यावर सफाई द्यायची नाही. दुसऱ्या डोळ्याची तारीख घेताना आधी मला विचारा. शक्यतो सोमवार घ्या. तास बुडाला तर पैसेच जातील. आदल्या रात्रीच कराडला येईन.

आई, लोणच्याची बरणी पोचली. गळली होती, सगळी पिशवी खारात. तरी अर्धी वाचली आहे.

बाबा, पंच इतक्यात परत मिळणार नाही. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र शुक्रवार रात्रीपर्यंत हवं. खरं तेच सांगा, उतरवलं असेल तर उतरवलं म्हणा. तो खोटं लगेच ओळखतो. नऊनंतर फोन करा, तेव्हा मी पॉलिसी घेऊन जागीच असते.

तुमची,
मनी