छापण्याची सोय झाली, लिहिण्याची कधी? : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ग्रामीण विदर्भातील महाविद्यालयांत मराठी भाषा व साहित्याचे शोधनिबंध तयार करण्यासाठी लागणाऱ्या सोयींबाबत.

महोदय,

फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त शोधनियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केली. कोणते नियतकालिक विश्वासार्ह, हे आता विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी आपापल्या पातळीवर ठरवायचे आहे. यादी गेल्याचे दुःख आम्हाला नाही. यादीत नाव दिसले की आतला लेख उघडून पाहायची गरज कोणालाच वाटत नसे. पण धानोरा, मेहकर, आर्वी किंवा दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी मराठी विभाग म्हणजे बहुधा एखादा कायम प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावरचे एक-दोन सहकारी. शोधनिबंध वाचून ‘इथे पुरावा कमी पडतो’ असे सांगणारा दुसरा जाणकार गावात नसतो. ही पोकळी भरायला धावून आले आहेत ते पैसे घेऊन आठवडाभरात छापून देणारे. शोधनिबंध छापून आणायची सोय आज हवी तेवढी आहे. तो तयार करायची सोय नाही. आम्ही तीच मागत आहोत.

छापून देणाऱ्यांच्या मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक ठळक असतो. हा आठ अंकी क्रमांक म्हणजे त्या नावाचे नियतकालिक नोंदले गेले आहे एवढीच खूण. दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. शेजारी ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचा इतरांनी किती आधार घेतला याचा आकडा, असतो. तो कोणी काढला, कशावरून काढला, हे विचारले की उत्तर मिळत नाही. एकाच अंकात मराठी कविता, सहकारी पतसंस्था आणि रसायनशास्त्र शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि कोणताही लेख दुरुस्तीसाठी परत पाठवल्याची खूण नसते. हे चालते, कारण मोजणीच तशी आहे. प्राध्यापकांच्या नेमणूक-पदोन्नतीविषयीच्या आयोगाच्या २०१८ च्या नियमांत भाषा व मानव्यविद्येच्या एका शोधनिबंधाला १० गुण आहेत. लेखक दोन असले तर प्रत्येकाला त्याचे ७० टक्के, म्हणजे सात. एका लेखावर दोन नावे घातली की दहाचे चौदा होतात. लेखाशी संबंध नसलेली नावे मथळ्याखाली का दिसतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

आता खरा शोधनिबंध कसा तयार होतो आणि आमच्याकडे तो कुठे अडतो, ते सांगतो.

पहिला अडथळा विषयातच असतो. ‘अमुक कवीच्या कवितेतील ग्रामीण जीवनाचे चित्रण’ हा विषय शोधनिबंधाचा नाही. त्यात विचारलेलेच काही नाही. मग चार-पाच हजार शब्द कवीचा परिचय, संग्रहांची नावे आणि लांबलचक अवतरणे यांत संपतात. याउलट, ‘पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात कोणते पात्र बोलीत बोलते, कोणते प्रमाण मराठीत, आणि एकच पात्र मध्येच भाषा कधी बदलते?’ हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर संहितेत आणि प्रयोगात शोधता येते, चूकही ठरू शकते. दीडशे ते अडीचशे शब्दांच्या सारांशात प्रश्न, सामग्री, पद्धत आणि निष्कर्ष या चारही गोष्टी बसल्या पाहिजेत. बसत नसतील तर लेख अजून झालेला नाही. हे सांगायला जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून दोनदा, पाच-सहा लेखकांचे कच्चे लेख समोर ठेवून दोन दिवस बसणारी कार्यशाळा पुरते. दोनशे जणांची, प्रमाणपत्र वाटणारी चर्चासत्रे त्यासाठी उपयोगाची नाहीत.

बोलीवरच्या कामाचा विषय वेगळा काढावा लागेल, कारण विदर्भाची खरी श्रीमंती तिथे आहे. वऱ्हाडी, झाडीबोली आणि त्यांच्या अंगाला अंग लावून नांदणाऱ्या गोंडी, माडिया, कोलामी, कोरकू. ग्रिअरसनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ चा आहे. त्यातले नमुने ताडून पाहायला आज पुन्हा गावोगाव जावे लागते. एका गावात किमान सहा-आठ बोलणारे लागतात : म्हातारे, मधल्या वयाचे, तरुण, बाया आणि पुरुष दोन्ही. प्रत्येकाचे वय, जन्मगाव, माहेर, घरातली भाषा, बाहेरगावी किती वर्षे काढली, हे टिपून ठेवावे लागते. माहेरची नोंद सुटली की नवऱ्याच्या गावची म्हणून टिपलेली बोली पन्नास किलोमीटर पलीकडची निघते. ध्वनिमुद्रण रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये करावे. मोबाईलवर करून व्हॉट्सॲपने पाठवले की आवाज दाबला जातो आणि नेमके घर्षक (स, श) व महाप्राण (ख, भ) उच्चार धूसर होतात. शिवाय प्राध्यापक समोर बसला की माणसे पुस्तकी बोलायला लागतात. शब्दांची यादी विचारून मिळणारी बोली आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून पेरणीचा विषय निघाला की येणारी बोली वेगळी असते. म्हणून पहिल्या भेटीचे मुद्रण सहसा पुराव्यात धरत नाहीत.

एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचे लेखन करायला सहा ते आठ तास सहज जातात. तिथे लिपीही आड येते. ‘चार’ मधला च आणि ‘चांदणे’ मधला च देवनागरीत एकच दिसतो. ज आणि झ यांचेही तसेच. नुक्ता देऊन किंवा आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरून हा भेद दाखवला नाही तर बोलीवरचा निबंध वाचणाऱ्याला बोली ऐकू येत नाही. ‘डोळा’ चा ‘डोया’ लिहिता येतो, पण तो य नेमका कसा उच्चारला जातो, ते लिहायला प्रशिक्षण लागते. अशा प्रशिक्षणाची आठवडाभराची शिबिरे गोंडवाना आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठांत दर उन्हाळी सुटीत घेता येतील.

आता खर्चाचे. दंडार हे लोकनाट्य पाहायचे तर दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडई नावाच्या जत्रांत, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे जावे लागते. प्रयोग रात्रभर चालतो, परतायला एसटी सकाळीच. हिवाळी परीक्षा आणि पेपर तपासणी त्याच दिवसांत येते, त्यामुळे रजा मिळत नाही. लहान संशोधन प्रकल्पात प्रवासाचा पैसा मंजूर झाला तरी तो बिले जोडल्यावर मिळतो. ज्या घरी जेवलो, ज्या शाहिराला मानधन दिले, तिथे जीएसटीचे बिल कुठून आणायचे? क्षेत्रकार्यासाठी पंचवीस हजार रुपयांची आगाऊ रक्कम, साध्या पावतीवर हिशेब आणि पाच दिवसांची कर्तव्य रजा एवढे मिळाले तर एक बोलीनिबंध उभा राहतो. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकालाही हे लागू असावे. क्षेत्रकार्य बहुतेक तोच करतो आणि त्याच्याच त्या दिवसांच्या तासिका बुडतात.

जुन्या साहित्यावर काम करणाऱ्याची अडचण वेगळी. महानुभाव वाङ्मय याच मातीतले. रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे. यवतमाळला य. खु. देशपांडे यांनी आणि पुढे वि. भि. कोलते यांनी पोथ्यांवर आयुष्य घातले. तरीही आज म्हाइंभटाच्या लीळाचरित्रातली एखादी लीळा उद्धृत करताना लेखक नुसते ‘लीळाचरित्र, उत्तरार्ध’ लिहून मोकळा होतो. संपादक वेगळा की लीळांचे क्रमांक वेगळे, कधी पाठही वेगळा. कोलत्यांची १९७८ ची आवृत्ती, की आधीची नेन्यांची किंवा तुळपुळ्यांची, हे सांगितल्याशिवाय अवतरण पडताळता येत नाही. पण तालुक्याच्या ग्रंथालयात एकच आवृत्ती असते, तीही बहुधा मुखपृष्ठ गेलेली. जुन्या नियतकालिकांचे स्कॅन मिळतात त्यांतही शीर्षकपान आणि प्रकाशनाचा मजकूर वगळलेला असतो. मग वर्ष अंदाजाने घातले जाते. शक दिलेला असेल तर चैत्र ते डिसेंबरसाठी ७८ आणि जानेवारी ते फाल्गुनसाठी ७९ मिळवायचे असतात. सरसकट ७८ मिळवल्याने पौष-माघातल्या अंकांचे इसवी सन एक वर्षाने मागे गेलेले संदर्भसूचीत वारंवार दिसतात. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ ची. त्याच्या ‘युगवाणी’ नियतकालिकाचे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या ग्रंथालयांतल्या अंकांचे पानन् पान, शीर्षकपानासह, ३०० डीपीआयवर स्कॅन करून खुले केले तर मेहकरचा संशोधक आणि मुंबईचा संशोधक एका रांगेत येतील.

टंकलेखनाबद्दल लिहिताना मन अस्वस्थ होते, कारण हा त्रास पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे. अनेक नियतकालिके आणि चर्चासत्रांचे संयोजक अजूनही लेख कृतिदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये मागतात. या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलमध्ये रोमन अक्षरांचे संकेत असतात. असा लेख शोधयंत्राला सापडत नाही, आणि वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या प्रणालीला त्यात मराठी दिसतच नाही. उचललेला लेखही शून्य टक्के साम्य घेऊन बाहेर येतो. वाङ्मयचौर्याविषयीच्या आयोगाच्या २०१८ च्या वेगळ्या नियमावलीतील १० टक्के साम्याची मर्यादा तिथे कागदावरच राहते. युनिकोड या सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात रूपांतर करताना ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, रफार सरकतो, अर्धी अक्षरे तुटतात. रूपांतरानंतर मूळ छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहावीच लागते. युनिकोडमध्येही ‘ॲ’ एका संकेताने लिहिता येतो आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही, दिसायला सारखे, शोधायला वेगळे. संदर्भसूची संगणकाला क्रमाने लावायला सांगितली की तो ‘क्ष’ला ‘क’खाली, ‘ज्ञ’ला ‘ज’खाली आणि ‘ळ’ला ‘ल’शेजारी बसवतो. मराठी वर्णमालेत ही तिन्ही अक्षरे ‘ह’नंतर येतात. क्रम हाताने दुरुस्त करावा लागतो. शासनाने एका परिपत्रकाने सर्व विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी, चर्चासत्रांसाठी आणि अनुदानित नियतकालिकांसाठी युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट कळफलक सक्तीचे करावे, आणि मराठी संदर्भलेखनाची एकच नियमपुस्तिका काढावी. इंग्रजी नियमावलीप्रमाणे आडनाव आधी लिहिताना ‘तुकाराम’, ‘म्हाइंभट’ किंवा टोपणनावाने लिहिणारे कवी कुठे बसवायचे, याबद्दल आज प्रत्येक मार्गदर्शक वेगळे सांगतो, आणि विद्यार्थी तीच सूची तीनदा लिहितो.

राहिला परीक्षणाचा प्रश्न. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. त्याने एक त्रैमासिक काढावे : लेखकाकडून शुल्क नाही, वाचकाकडूनही नाही. त्यासाठी लागणारी संगणकप्रणाली मुक्त स्रोतातली, फुकट मिळते. पैसा लागतो तो पूर्णवेळ संपादकाला, मुद्रितशोधकाला आणि परीक्षकांच्या मानधनाला. प्रत्येक लेख दोन परीक्षकांकडे, नाव काढून, जावा. फाइलच्या गुणधर्मांत राहिलेले लेखकाचे नावही पुसावे, ते हमखास विसरले जाते. मराठीत विषय छोटे आणि माणसे ओळखीची, म्हणून एक परीक्षक विदर्भाबाहेरचा असावा. सहा आठवड्यांत लेखी अभिप्राय द्यावा आणि नाकारलेल्या लेखालाही तो मिळावा. तालुक्यातल्या लेखकाला दुसरा वाचक मिळण्याची तीच एक जागा असेल.

शेवटची मागणी बिनखर्चाची आहे. पदोन्नतीच्या आणि स्थाननिश्चितीच्या अर्जात आज शोधनिबंधांची संख्या आणि आयएसएसएन क्रमांक भरायचा रकाना आहे. त्याच्या जागी उमेदवाराने निवडलेले तीन शोधनिबंध पूर्ण जोडायला सांगावे, आणि विषयतज्ज्ञाने ते वाचून प्रत्येकावर दहा ओळींचा सही केलेला अभिप्राय लिहावा. सामग्री कुठून मिळवली, पडताळता येते का, आधीच्या कामात भर काय पडली, एवढेच त्याने लिहावे. येत्या शैक्षणिक वर्षापासून नागपूर, अमरावती आणि गोंडवाना या तीन विद्यापीठांत हा बदल करून पाहावा, अशी आमची विनंती आहे.

आपले,
ग्रामीण विदर्भातील महाविद्यालयांत मराठी शिकवणारे प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी