'फोन डेड आहे' म्हणजे चार्जिंग संपलं असं नव्हे

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमचा लँडलाईन बंद पडला म्हणून मी तक्रार नंबरला फोन लावला आणि सांगितलं की फोन डेड आहे, डायल टोन येत नाही. पलीकडचा मुलगा अगदी अदबीने बोलत होता पण त्याने विचारलं, "मॅडम, चार्जिंगला लावून बघितला का?" मी म्हटलं अहो लँडलाईन आहे, तर म्हणे स्क्रीनवर काही दिसतंय का. दोन-तीनदा समजावलं, शेवटी त्याने 'हँडसेट प्रॉब्लेम' अशी तक्रार लिहिली आणि लाईनमन काही आला नाही. नऊ दिवस फोन तसाच, घरात 84 वर्षांच्या सासूबाई, त्यांना तेवढाच एक फोन वापरता येतो.

मला हे जास्त लागलं कारण माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, आधी तालुक्याला मॅन्युअल बोर्डवर आणि ऑटोमॅटिक आल्यावर तक्रारींच्या 198 नंबरवर. टोन नाही म्हणजे डेड, टोन आहे पण खरखर म्हणजे नॉइजी, मध्येच भलता माणूस बोलतोय म्हणजे क्रॉस कनेक्शन. लाईनमनला एवढा एक शब्द सांगितला की त्याला कळायचं कुठून बघायला सुरुवात करायची.

बोर्डवर तर कॉर्ड उचलून जॅकमध्ये खोचायची आणि मग पलीकडे रिंग द्यायची, लोक म्हणायचे "बाई, पुण्याला जरा फोन लावून द्या". आता कुणी काही खोचत नाही तरी आपण फोन 'लावतो'च, आणि चकती जाऊन इतकी वर्षं झाली तरी नंबर 'फिरवतो'. ट्रंक कॉल, म्हणजे एक्स्चेंजमधून लावून घ्यायचे बाहेरगावचे फोन, ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे असायचे, लाइटनिंगला ऑर्डिनरीच्या आठपट पैसे, त्यामुळे तो शब्द ऐकला की घरात काहीतरी घडलंय हे आम्हाला आधीच कळायचं. पी.पी. म्हणजे पर्टिक्युलर पर्सन कॉल, ज्याला हवाय तोच माणूस आला तर बोलणं. पुढे लग्नपत्रिकेत नंबरापुढे पी.पी. छापायला लागले, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, ते बोलावून देतील.

शब्द बदलतात त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट लोक किती पटकन शब्द करतात याचं मला कौतुकच वाटतं. मोबाईलला सुरुवातीला इनकमिंगचेही पैसे पडायचे, ते 2003 मध्ये बंद झाले, पण मिसकॉल राहिला, आता नुसता नंबर सेव्ह करायला मिसकॉल देतात. लँडलाईन हा शब्द तर आमच्या घरात कधी नव्हताच, नुसता फोन होता, मोबाईल आल्यावर त्याला वेगळं नाव लागलं. बटणाचा फोन म्हणजे तेव्हा चकतीच्या जागी आलेला नवा भारी फोन, आज सासूबाईंची मैत्रीण बटणाचा म्हणते तो साधा मोबाईल.

माझी विनंती एवढीच की ज्या कंपन्यांकडे लँडलाईनच्या तक्रारी येतात त्यांनी फोन घेणाऱ्या मुलांना डेड, टोन, क्रॉस हे दहा-पंधरा शब्द ट्रेनिंगमध्ये शिकवा, कारण लँडलाईन ठेवणारे बरेचसे म्हातारेच आहेत आणि त्यांच्याकडे हेच शब्द आहेत. आणि संपादकसाहेब, आपल्या पेपरात अजून भ्रमणध्वनी छापलं जातं, तो शब्द मी सरकारी फॉर्म सोडला तर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" म्हणतात ते सासूबाईंना कळत नाही, रेंज नाही म्हटलं की लगेच कळतं. मोबाईल, रेंज, रिचार्ज हे आता मराठीच झालेत, तसेच छापा ना.

आमचा फोन दहाव्या दिवशी सुरू झाला. कंपनीने नाही, ओळखीतून एक रिटायरमेंटला आलेला लाईनमन मिळाला. मी दारातच म्हटलं "डेड आहे", तो घरात न येता सरळ जिन्याखालच्या डीपीकडे, म्हणजे फोनच्या तारा जिथून घरोघरी जातात त्या पेटीकडे गेला, झाकण उघडलं, आतली जोडणी गंजलेली होती. बरोबर आलेला विशीतला मदतनीस विचारत होता डीपी म्हणजे काय, त्याला डीपी म्हणजे व्हॉट्सअॅपवरचा फोटो एवढंच माहीत. त्याने झाकण हातात धरलं आणि लाईनमनने तिथेच उभं राहून त्याला तारांची एकेक जोडी कुठून येते ते दाखवलं.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर