कॉम्प्रेसर न बदलता एसी गार करून देणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

बाबांची १९८४ सालची गाडी तुमच्याकडे आणली तेव्हा मी जवळजवळ हरलो होतो. निघताना एसी बरा वाटायचा, इंजिन तापलं की हवा कोमट आणि सिग्नलला थांबलो की चक्क गरम. दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरून झाला होता. शेवटी ‘कॉम्प्रेसर गेला’ असा निकाल मिळाला, आणि या गाडीचा कॉम्प्रेसर आता सहज मिळत नाही.

तुम्ही गेज लावण्याआधीच विचारलंत, "जुना आर-१२ गॅस काढून नवा १३४ए केलाय ना? तेल कुठलं घातलं?" हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. जुनं मिनरल तेल १३४ए मध्ये मिसळत नाही, ते फिरून परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बाबांच्या फाइलीत पावती सापडली: एस्टर तेल, म्हणजे १३४ए मध्ये मिसळणारं. बाबांनी प्रत्येक कागद जपून ठेवला होता, त्या दिवशी त्याची किंमत कळली.

मग तुम्ही कूलिंग कॉइलकडून येणाऱ्या पाइपवर हात ठेवलात. पाइप गार, वर घाम सुटलेला. पण आत जाळीत खोचलेला थर्मामीटर १९ अंश दाखवत होता. "एसी त्याचं काम करतोय. आतली हवा कोण तापवतंय ते शोधू," असं म्हणून तुम्ही हीटरच्या होजला हात लावलात. हीटर बंद, तरी दोन्ही होज चटका बसण्याइतके गरम! हीटरकडे गरम पाणी सोडणारा कॉक पूर्ण मिटतच नव्हता. एक होज क्लॅम्पने दाबलात आणि काही मिनिटांत थर्मामीटर ११ वर आला. तो क्षण मी विसरणार नाही. दोन उन्हाळे सगळे गॅसच्या मागे होते आणि दोष होता पाण्याच्या एका कॉकमध्ये.

तिथेही तुम्ही थांबला नाहीत. उभ्या गाडीत हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून गॅस बाहेर पडतो त्या बाजूचा, दाब चढत होता. कंडेन्सरवर, म्हणजे तापलेला गॅस गार करणाऱ्या भागावर, पाण्याचा फवारा मारताच काटा खाली आला, म्हणजे त्याला हवा पुरत नव्हती. पंख्यांत धूळ गच्च बसली होती. गॅस मशीनने काढून वजन केलंत तर ११०० ग्रॅम! मूळ लेबलवर आर-१२ चे १००० ग्रॅम होते, आणि १३४ए साधारण त्याच्या ८० ते ९० टक्केच लागतो. म्हणजे ‘गॅस कमी आहे’ म्हणून भरलेला गॅसच उलट त्रास देत होता. ४५ मिनिटं व्हॅक्यूम करून आतली हवा काढलीत, नंतर काटा जागचा हलतोय का ते पाहत तुम्ही शांतपणे बसलात. हलला नाही, म्हणजे गळती नव्हती. मग मोजून ८५० ग्रॅम.

आता धावत्या गाडीत ७ अंश मिळतात, उभ्या गाडीत १०. कॉम्प्रेसर तोच आहे, बाबांच्या वेळचा.

तुम्हाला तो बदलून देता आला असता, मी नाही म्हटलं नसतं. त्याऐवजी तुम्ही माझ्या गाडीला अख्खा दिवस दिलात आणि प्रत्येक टप्प्यावर मला जवळ बोलावून पाइपला हात लावायला लावलात. काल आईला मागच्या सीटवर बसवून भर दुपारी लांब फिरवून आणलं. ती वाटेत निवांत झोपली होती.

तुमचा कृतज्ञ,
१९८४ च्या गाडीवाला