फळ्याशेजारच्या तक्त्यासाठी, बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही वर्गात काय केलंत ते दुसऱ्या शाळांतल्या बाईंना आणि सरांनाही कळावं, असं आम्हा दोघांना मनापासून वाटतं.

आमची लेक तोंडाने बोलत नाही. तिला ऑटिझम आहे, आणि सांगायचं मात्र तिच्याकडे भरपूर असतं. घरी ती टॅबवर 'जेलो' वापरते. मुंबई आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, तयार झालेलं हे ॲप मोफत आहे, मराठीतही चालतं. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो. आधीच्या शाळेत तो टॅब दप्तरातून बाहेर निघालाच नाही. वर्गात मोबाइल-टॅब चालत नाहीत, एवढंच उत्तर मिळायचं.

तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलंत, "चार्जिंग संपलं तर ती काय करते?" आणि मग फ्लेक्सवाल्याकडून मोठा तक्ता छापून आणलात, तिचा हात पोचेल अशा बेताने फळ्याशेजारी लावलात. हवं, नको, आणखी, थांबा, मदत, संपलं, कुठे, का. नुसती फळं-भाज्यांची चित्रं नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटलं. सफरचंदावर बोट ठेवून सफरचंदच मागता येतं. 'का' हाताशी असला की कुठल्याही तासाला काहीही विचारता येतं.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. तो तक्ता दाखवून तुम्ही तिची परीक्षा घेतली नाहीत. "दाखव बघू, पाणी कुठंय?" हे तिने थेरपीत पुष्कळ ऐकलंय. तुम्ही स्वतःच तक्त्यावर बोलायला लागलात. "गणित संपलं" म्हणताना 'संपलं'वर बोट, "मला मदत हवी" म्हणताना 'मदत'वर. कितीतरी दिवस ती नुसती बघत होती, तरी तुम्ही नेट सोडला नाहीत. बोलणारं मूलसुद्धा आधी महिनोन्‌महिने ऐकतं, मग पहिला शब्द काढतं. हिच्याशी वर्गात असं कुणी बोललंच नव्हतं. तुमचं बघून पोरंही शिकली. आणि तिचं कोपर किंवा मनगट तुम्ही कधी धरलं नाहीत. चांगल्या मनाची माणसंही हात धरून बोट नेतात, मग शब्द नक्की कुणाचा ते कळत नाही.

डिसेंबरात बाक बाजूला सारून स्नेहसंमेलनाच्या लेझीमची तालीम चालली होती. मी तिला न्यायला आलो होतो, दारात उभा होतो. हलगी सुरू झाली तशी ती कान दाबून भिंतीकडे पळाली. आता हात चावून घेणार, म्हणून मी पुढे झालो. तेवढ्यात तिने एक कान सोडला आणि 'थांबा'वर बोट ठेवलं. परत ठेवलं. तुम्ही हात वर केलात. हलगी थांबली. "थांबलो बघ. तुला काय हवंय?" एवढंच विचारलंत आणि गप्प राहिलात. मला तो वेळ फार लांबलेला वाटला. तुम्ही मध्ये एक शब्द घातला नाहीत, कुणाला घालू दिला नाहीत. शेवटी तिने 'बाहेर' दाखवलं, मग 'बघायचं'. उरलेली तालीम तिने व्हरांड्यातून, खिडकीच्या गजांना धरून पाहिली. आपल्या सांगण्याने काही थांबतं, हे तिला त्या दिवशी कळलं असावं. त्यानंतर ती आपणहून तक्त्याकडे जायला लागली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. संवादाच्या अशा पूरक आणि पर्यायी साधनांना चालना द्यावी, असं त्याच्या कलम १७ मध्ये लिहिलंय. आम्ही ते कलम छापून शाळांत फिरलो आहोत. ते वर्गात उतरलेलं पहिल्यांदा तुमच्याकडे पाहिलं.

पालकसभेत एकांनी काळजीने विचारलं होतं, "तक्त्याची सवय लागली तर ती बोलायची राहील ना?" तेव्हा उत्तर देताना माझा गळा दाटला होता, म्हणून इथे देतो. मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी २००६ साली आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात ज्यांच्या नोंदी भरवशाच्या होत्या, त्यांच्यापैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. आमची लेक उद्या बोलेल की नाही, ठाऊक नाही. तिला आज बोलायचं असतं, आणि आज ती तुमच्या वर्गात बोलते.

जूनमध्ये ती पाचवीत जाईल. नव्या सरांना तक्ता दाखवायला आम्ही शाळा सुरू होण्याआधी येणार आहोत. तेव्हा तासभर तुम्हीही याल का? कसं थांबायचं, ते तुम्हीच दाखवलेलं बरं.

तुमचे ऋणी,
तिचे आई-बाबा