‘संग्रहित’ म्हणजे कुठले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

७ नोव्हेंबरची आपली विद्यार्थी दिन पुरवणी वाचली. लेख चांगले होते. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या छायाचित्राखाली नेहमीचाच एक शब्द : ‘संग्रहित’. कुणाच्या संग्रहातले, मूळ प्रत कुठे आहे, काहीच पत्ता नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उभा जन्म काढलेल्या माणसाला हा शब्द खुपतो, म्हणून हे पत्र.

मुळात हा दिवस साजरा होतो तो एका रजिस्टरमुळे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नावाची नोंद झाली, क्रमांक १९१४. ते रजिस्टर राहिले, म्हणून २०१७ साली शासनाला हा दिवस जाहीर करता आला. मध्ये कुणी कपाट मोकळे करायला काढले असते, तर ही तारीखच आपल्याला कळली नसती.

याच विद्यार्थ्याचे पुढचे कागद लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. १९१६ साली नाव घातले ते, मॅकिंडर यांचा भूगोल आणि हॉबहाऊस यांचे समाजशास्त्र हे विषय घेतले ते, १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपून परतावे लागले तेव्हा चार वर्षांपर्यंत शिक्षण थांबवण्याची मुभा मिळाली ते. १९२० मध्ये परत गेले, तेव्हा अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनचे प्राध्यापक फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली. त्यावर फॉक्सवेल यांनी संस्थेच्या सचिव बाईंना कळवले की या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच मिळवलेली आहे, आता इथे त्यांना जिंकायला दुसरे जग उरलेले नाही. (उरले होते. तीन वर्षांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध आधी परत आला, मग मान्य झाला आणि डी.एस्सी. मिळाली.) यातला एकही कागद इतिहासासाठी लिहिलेला नव्हता. साधा कचेरीचा पत्रव्यवहार, आपल्याकडे आवक-जावकला पडतो तसला. तो कुणी फेकला नाही, एवढेच.

आता आमच्याकडची गोष्ट. मी ज्या महाविद्यालयात होतो तिथे एका वर्षी महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून जिन्याखालची खोली रिकामी करायचा हुकूम निघाला. ग्रंथालयातले एक फाटके पुस्तक काढायचे तर निर्लेखनाचा ठराव लागतो, समिती बसते, डेड स्टॉकच्या वहीत नोंद होते. प्रवेश रजिस्टरांना मात्र यातले काहीच लागले नाही. सुरुवातीच्या वीसएक वर्षांची रजिस्टरे तराजूवर गेली. जाता जाता एक उघडून पाहिले. ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात ओळीने शेतमजुरी, शेतमजुरी, गिरणी कामगार, मोलमजुरी, आणि पुढे ‘फी माफ’चा शिक्का. कुठल्या घरातली पहिली पिढी कॉलेजात आली, हे सांगणारा तालुक्यातला तो बहुधा एकमेव कागद होता. मी तेव्हा तोंड उघडले नाही. निवृत्तीला दोन वर्षे होती.

महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा, म्हणजे सरकारी कागदपत्रांचा, २००५ चा कायदा आहे. अ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ड वर्गाचे वर्षभराने नष्ट करायचे, हे तहसीलमधल्या कारकुनालाही पाठ असते. विद्यापीठांनी संलग्न महाविद्यालयांना एक परिपत्रक काढून सांगावे की प्रवेश रजिस्टरे, सभांची इतिवृत्ते आणि छायाचित्रे अ वर्गात धरा. जागा नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे पाठवा. त्यासाठी तिथे वाळवी न लागणारी एक खोली आणि तिची किल्ली सांभाळणारा एक माणूस लागेल. नुसते स्कॅन करून सीडीत भरणे नको. आमच्या सीड्या आज कुठल्याच संगणकात चालत नाहीत, आणि स्कॅन झाले म्हणून मूळ कागद रद्दीत घालणारेही मी पाहिले आहेत.

त्या खोलीतून मी एकच वस्तू उचलली, रीतसर न विचारता. १९६८ सालचा स्नेहसंमेलनाचा ग्रुप फोटो. खाली पुठ्ठ्यावर छापलेय : खुर्चीवर बसलेले, उभे डावीकडून, सगळी नावे आद्याक्षरांसह. शेवटी, कडेला घंटा हातात घेतलेला माणूस, त्याच्यापुढे फक्त ‘शिपाई’. गावात चार म्हाताऱ्यांना विचारून त्यांचे नाव मिळवले आणि मागे पेन्सिलीने लिहून ठेवले. पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते.

हा फोटो मला विद्यापीठाला द्यायचा आहे. तो नोंद करून घेईल अशी खोली कुठे असेल तर आपल्या वाचकांनी कळवावे. आणि आपण तो कधी छापलाच, तर खाली ‘संग्रहित’ एवढेच लिहू नये.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा