वहीत 'बदला' लिहू नकोस

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

वेरूळच्या वानरांवरच्या प्रबंधासाठी ठेवलेल्या तुझ्या वहीचे फोटो पाहिले. 'नर चिडला', 'मादीला मत्सर वाटला' हे आधी बंद कर माय. बीड जिल्ह्यात माजलगावजवळच्या लवुळ गावात 2021च्या डिसेंबरात काय झालं, आठव. वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून घरांवर, झाडांवर नेत होती. वनविभागाने दोन वानरं पकडली आणि बातमी 'बदला' म्हणून जगभर फिरली. बदला डोळ्यांना कुठे दिसतो? दिसतं ते एवढंच: पिल्लू उचललं, पोटाशी धरलं, वर चढलं, उवा वेचल्या की नाही, किती मिनिटांनी सोडलं. उचलणारा नर की मादी, वयाने केवढा. एवढं लिहिलेलं असलं तरच कारण तपासता येतं.

दुसरं, नजरेत भरेल त्या वानरामागे जाऊ नकोस. प्राण्यांचं वर्तन अभ्यासणाऱ्या जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये हेच बजावलं. डोळा भांडणाकडे ओढला जातो आणि वहीत सगळी टोळी भांडकुदळ ठरते. आदल्या रात्री चिठ्ठ्या टाकून क्रम लाव. फाटका कान, मोडकं शेपूट, तुटलेलं बोट यांवरून ओळख पक्की झालेलीच वानरं त्यात घे. एकावर 10 मिनिटं. शेजारी मारामारी पेटली तरी मान वळवायची नाही. ते पिंपळाआड गेलं की 'दिसत नाही' लिही, घड्याळ चालूच ठेव. दर काढताना ती मिनिटं एकूण वेळेतून वजा कर. नाही केलीस तर दाट पाल्यात बसणारी मादी उगाच आळशी दिसते. आणि एकाच मादीच्या 40 नोंदी म्हणजे 40 माद्या नव्हेत. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो.

उन्हाळ्यात दुपारी वानरं सावलीत पडून असतात, म्हणून तूही खोलीवर परतलीस तर विश्रांती हिशेबातच येत नाही. वानरं दिवसभर चरतात असं निघतं. चार लिटर पाणी ने आणि थांब.

जोडीदारासोबत तेच वानर, तीच 10 मिनिटं, न बोलता नोंदवा. 'कप्पा', म्हणजे दोघांच्या नोंदी किती जुळतात त्याचा आकडा, 0.6 च्या खाली आला तर भांडू नका, वर्तनांच्या व्याख्या दुरुस्त करा.

शेवटच्या प्रकरणात वानराला आपला पूर्वज करू नकोस. आपली आणि त्यांची वाट सुमारे 2.5 ते 3 कोटी वर्षांपूर्वी फुटली. तेव्हापासून तीही बदलतच आली आहेत.

वेरूळला पर्यटकांनी दिलेली केळी-फरसाण खाल्ल्याच्या नोंदींना वेगळी खूण कर. झाडपाल्यात मिसळू नकोस.

तुझी आई