भात्याचा श्वास

पुणे, रविवार रात्र

प्रिय अन्या,

तुझं पत्र मिळालं. पेटीचा भाता हवा सोडतो, भजनात मधेच फुसफुस ऐकू येते, म्हणून ती काढून टाकायची म्हणतोस. थोडा थांब.

गेला महिनाभर मी एकाच बाईंचं संगीत ऐकतोय, रशियन संगीतकार सोफिया गुबैदुलिना. २०२५च्या मार्चमध्ये हॅम्बर्गजवळच्या आपेन गावी त्या गेल्या, ९३व्या वर्षी. जन्म १९३१चा, तातारस्तानातल्या चिस्तोपोलचा. वडील तातार, आई रशियन, आजोबा मुल्ला. बालपण कझानमध्ये गेलं. अंगण उघडंबोडकं, म्हणून ही पोर आकाशाकडे बघत बसायची.

त्यांची 'दे प्रोफुंदिस' नावाची रचना आहे, १९७८ची. नाव एका लॅटिन प्रार्थनेचं, अर्थ 'खोल गर्तेतून'. एकटं बायान वाजतं. बायान म्हणजे रशियन बटणांचा अकॉर्डियन. त्यातही तुझ्या पेटीसारख्याच धातूच्या पट्ट्या, त्याही भात्याच्या हवेनेच थरथरतात. सुरुवात अगदी खर्जात होते, सूर सुटे ओळखूच येत नाहीत, नुसता काळोख गरगरतो. मग हळूहळू वर चढत जातं. आणि एका ठिकाणी, अन्या, एकही सूर नसतो. भाता हलतो आणि फक्त हवा येते-जाते. खोलीत कुणीतरी आजारी माणूस झोपलाय आणि आपण उशाशी बसून त्याचा श्वास मोजतोय, असं वाटलं मला. दिवा बंद करून तेवढाच भाग चारदा ऐकला. हे वाद्य श्वास घेतं म्हणूनच आपल्याला आवडतं, असं बाई सांगायच्या. रशियात ते गावच्या लग्नाकार्यातलं वाद्य. त्याला त्यांनी प्रार्थनेला बसवलं.

सोपं काही नव्हतं बरं. मॉस्कोत शिकत असताना त्यांची वाट चुकीची आहे असं सगळे म्हणायचे. त्या काळचे बडे संगीतकार शोस्ताकोविच यांनी मात्र सांगितलं की त्याच चुकीच्या वाटेने चालत राहा. पुढे १९७९मध्ये सोव्हिएत संगीतकार संघाच्या अधिवेशनात संघाचे प्रमुख ख्रेन्निकोव्ह यांनी सात जणांची नावं घेऊन जाहीर झोडपलं, त्यात या एक. पोटासाठी सिनेमाला संगीत द्यायच्या. रशियन पोरांचं 'मोगली' हे कार्टून त्यांच्याच सुरांवर चालतं!

दुसरी गोष्ट 'ओफेर्तोरियुम'ची. नावाचा अर्थच अर्पण. व्हायोलिनवादक गिदोन क्रेमरसाठी लिहिली, १९८१मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखला दिलेली धून बाईंनी उचलली. ती पुन्हापुन्हा येते आणि दर खेपेला दोन्ही टोकांचा एकेक सूर गळतो. शेवटी उरतो एकच. मग त्या एकापासून धून परत उभी राहते, पण उलटी, आता ती ओळखू येत नाही. मला त्यात आपले भजनी अण्णा दिसले. म्हातारपणी ताना सुटल्या, मग वरचा षड्ज सुटला, शेवटच्या वर्षी नुसतं 'विठ्ठल' एवढंच लावायचे, आणि सगळा मंडप गप्प व्हायचा. तू साथीला होतास. एका सुरात केवढं मावतं, हे मला तिथे कळलं होतं, नीट उमगलं ते आत्ता.

तुला आधी अवघड जाईल. सम शोधू नकोस, मिळायची नाही. कान खर्जावर ठेव.

पुढच्या शनिवारी मिरजेला येतोय, रेकॉर्डिंग घेऊन. तोवर एकदा रात्री सगळे निजल्यावर पेटी उघड, पट्टीला हात लावू नकोस, नुसता भाता हलव. ती फुसफुस नीट ऐक. भात्याला ठिगळ लावायचं की नाही ते मी आल्यावर ठरवू.

वहिनींना नमस्कार, चिमीला पापा.

तुझाच,
नंदू